अधीर, उतावळा, आतुर: फरक नेमका कुठे?

निकाल उद्या लागणार आहे आणि विद्यार्थी वाट पाहताहेत. त्यांच्या मनःस्थितीसाठी एखादं विशेषण शोधायचं म्हटलं तर मराठीत पटकन पाच-सहा शब्द हाताशी येतात. विद्यार्थी उत्सुक आहेत. आतुर आहेत. अधीर झालेत. उतावळे झालेत. घायकुतीला आलेत. शब्दकोश उघडला की यातले बरेचसे शब्द एकमेकांचेच अर्थ म्हणून दिलेले दिसतात, त्यामुळे कुठलाही उचलला तरी चालेल असं वाटतं. पण उत्सुक विद्यार्थ्यांकडे आपण कौतुकानं बघतो, उतावळ्यांना 'जरा थांबा की' म्हणावंसं वाटतं आणि घायकुतीला आलेल्यांची कीव येते. विद्यार्थी तेच, निकाल तोच. फरक पडला तो बोलणाऱ्याच्या मतात.

म्हणून या शब्दांचा अर्थ लावताना नुसतं 'वाट पाहता न येणं' एवढं म्हणून भागत नाही. कशाची वाट, ती कुठं जाणवते, मनात की हातापायांत, आणि बोलणाऱ्याला ते पटलंय का, हे तीन प्रश्न प्रत्येक शब्दाला विचारावे लागतात.

आधी धीर, मग अधीर

अधीर म्हणजे ज्याला धीर नाही तो. इतकं सोपं आहे. अवघड आहे तो धीर.

'धीर धर' म्हणजे थांब, घाई करू नकोस. 'धीर दे' म्हणजे हिंमत वाढव. 'मला विचारायचा धीर झाला नाही' यात थांबण्याचा संबंधच नाही, तिथं धीर म्हणजे धाडस. 'धीर खचला' म्हणजे उमेद गेली. 'धीर निघेना' म्हणजे वाट पाहवेना. आणि 'धीर सुटला' हे तर दोन्हीकडे चालतं: वाट पाहून पाहून धीर सुटतो, तसाच संकटातही सुटतो. म्हणजे मराठीनं हिंमत आणि सबुरी या दोन गुणांना एकाच शब्दात बसवलं आहे, आणि सोबतच्या क्रियापदावरून कुठला गुण ते ओळखायचं. धरायचा तो बहुतेक वेळा सबुरीचा, द्यायचा आणि व्हायचा तो हिंमतीचा.

हे दुहेरीपण जुनं आहे. संस्कृतात धीर हा दिसायला एक शब्द असला तरी कोशकार त्याची दोन मुळं सांगतात. एक 'धी' म्हणजे बुद्धी, त्यावरून धीर म्हणजे शहाणा. दुसरं 'धृ' म्हणजे धरून ठेवणं, त्यावरून धीर म्हणजे स्थिर, न डगमगणारा. मराठीतला धीर या दुसऱ्याच्या घरातला. जो डगमगत नाही तो संकटातही टिकतो आणि वाट पाहतानाही टिकतो, म्हणून एक शब्द दोन्हीकडे पुरला.

पण नकार जोडला की हा दुहेरीपणा संपतो. अधीर म्हणजे भित्रा असं मराठीत कुणी म्हणत नाही. हिंमत नसलेल्याला भित्रा, घाबरट, भेकड असे वेगळे शब्द आहेत. अधीर हा फक्त ज्याला थांबवत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेला. धीरचे अर्थ दोन असले तरी त्याच्या विरुद्धार्थी शब्दानं एकच उचलला.

इथं हिंदीच्या शेजारामुळे एक घोटाळा होतो, आणि तो हल्ली फार वाढलाय. हिंदीत धैर्य म्हणजे सबुरी. मराठीत धैर्य म्हणजे हिंमत. 'धैर्य रखिए' याचं मराठी 'धीर धरा' किंवा 'थोडं थांबा'. ते न करता कुणीतरी 'कृपया धैर्य ठेवा' असं भाषांतर करून टाकतं. पुढचं पान उघडायला दहा सेकंद लागणार असतात, पण वाचणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, आता काहीतरी भयंकर घडणार आहे.

नाट्यशास्त्राच्या परंपरेनं धीर या शब्दाला केवढा मान दिला तेही बघण्यासारखं आहे. नायकाचे चार प्रकार सांगितले ते धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. अगदी उद्धट नायकाच्याही नावात धीर आहेच. नायिकांच्या वर्गीकरणात मात्र अधीरेला जागा मिळाली. प्रियकरानं दगाबाजी केल्यावर नायिका राग कसा दाखवते यावरून तिचे प्रकार पाडलेले आहेत: धीरा टोमणे मारते, धीराधीरा रडत रडत टोमणे मारते आणि अधीरा सरळ कठोर शब्दांत सुनावते. इथं अधीर म्हणजे वाट न पाहणारी नव्हे, तर राग आवरून न धरणारी. 'धृ' मधला धरून ठेवण्याचा अर्थ इथं स्वच्छ दिसतो. (टोमणे मारणारीला धीरा म्हणावं का, हा प्रश्न मात्र उरतोच.)

आजच्या मराठीत अधीर हा थोडा पुस्तकी शब्द आहे. तो बहुधा 'होणे' बरोबर येतो: अधीर झाला, मन अधीर झालं. तात्पुरती अवस्था सांगायला तो बरा. 'तो फार अधीर आहे' असं कुणाच्या स्वभावाबद्दल बोलताना सहसा ऐकू येत नाही. स्वभाव सांगायचा असेल तर आपण दुसऱ्या शब्दाकडे वळतो. त्याच्याकडे येऊच, पण त्याआधी आतुर.

आतुर मूळचा आजारी

आतुर हा आज मराठीतला सगळ्यात गोड अधीरपणा. भेटीसाठी आतुर, ऐकायला आतुर, परत यायला आतुर. यात दोष नाही, ओढ आहे. पण संस्कृतात आतुर म्हणजे आजारी, पीडित. आयुर्वेद आपलं प्रयोजन दोन भागांत सांगतो: जो स्वस्थ आहे त्याचं स्वास्थ्य राखायचं आणि जो आतुर आहे त्याचा विकार शमवायचा. मरण समोर दिसत असताना घेतलेल्या संन्यासाला आतुर संन्यास म्हणतात, तो याच अर्थानं. आतुर म्हणजे रोगी, आणि त्याच्या उलट स्वस्थ.

आता मराठी काय करते बघा. 'स्वस्थ बस' असं आपण मुलाला सांगतो तेव्हा त्याच्या तब्येतीबद्दल बोलत नसतो. चुळबूळ थांबव म्हणत असतो. अस्वस्थ म्हणजेही आजारी नव्हे, बेचैन. म्हणजे वैद्यकातली ही जोडी मराठीत आली ती जोडीनंच आली. दोन्ही शब्द शरीरातून उठून मनात गेले, तरी एकमेकांविरुद्धचं त्यांचं नातं कायम राहिलं: स्वस्थ तो शांत बसलेला, आतुर तो ज्याला शांत बसवत नाही.

गंमत म्हणजे आजारी माणसाला आपण आज ज्या शब्दानं ओळखतो तो 'पेशंट' नेमका उलट्या टोकाचा आहे. तो लॅटिनमधल्या सोसणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, आणि इंग्रजीत विशेषण म्हणून वापरला की त्याचा अर्थ धीर धरणारा असा होतो. त्या भाषेनं रोग्याकडे पाहिलं तेव्हा तिला सोसणारा माणूस दिसला. संस्कृताला तळमळणारा दिसला. दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलं तर संस्कृतचं म्हणणं जास्त पटतं.

जुना अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. समासात तो शाबूत आहे. चिंतातुर म्हणजे चिंतेसाठी उत्सुक असलेला नव्हे, चिंतेनं ग्रासलेला. शोकातुर, भयातुर हेही तसेच. आणि 'कामातुराणां न भयं न लज्जा' या प्रसिद्ध वचनातला आतुरही वासनेनं पछाडलेला आहे, नुसता उत्सुक नाही. त्यामुळे शब्द सुटा आला तर ओढ आणि समासात आला तर पीडा, असा एक ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

वापरताना आणखी एक गोष्ट सांभाळायची. आतुर हा हव्याहव्याशा गोष्टीसाठीच शोभतो. 'तो भांडायला आतुर आहे' म्हटलं की वाक्य उपरोधिक होतं. ते हवं असेल तर ठीक, पण नकळत होऊ नये. बातम्यांत 'पोलीस आरोपीला पकडण्यासाठी आतुर' असं कुणी लिहिलं तर वाचणारा हसेल.

उत्सुक त्याच्यापेक्षा हलका. त्यात तळमळ नाही, नुसतं लक्ष लागलेलं आहे. आज 'नोकरीसाठी उत्सुक उमेदवार' हा शब्द इतका औपचारिक झालाय की त्यात भावना जवळपास उरलेली नाही. 'इच्छुक' म्हटलं तरी फरक पडत नाही. पण नाट्यशास्त्रातल्या 33 व्यभिचारी भावांच्या, म्हणजे मनात येऊन-जाऊन राहणाऱ्या भावांच्या यादीत औत्सुक्य आहे, आणि तिथलं त्याचं वर्णन चांगलंच जड आहे. प्रिय माणसाच्या विरहानं, त्याची आठवण येऊन ते उपजतं, आणि नटानं ते दाखवायचं ते लांब उसासे टाकून, मान खाली घालून विचारात बुडून, झोपाळलेपणानं. उत्सुक माणूस टवटवीत दिसतो अशी आपली आजची कल्पना. तिथला मलूल दिसतो.

उत्कंठा या शब्दात तर चित्रच आहे. उत् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळा. मान उंचावून कुणी येताना दिसतंय का ते पाहणं. ही उत्कंठा मराठीत नेहमी 'शिगेला पोहोचते'. शीग म्हणजे धान्य मापताना माप भरल्यावर काठाच्या वर जो ढीग राहतो त्याचं टोक. मापानं धान्य मोजणं कमी झालं तसा शब्द घराघरातून गेला, पण सामन्याच्या शेवटच्या षटकात उत्कंठा अजून शिगेलाच पोहोचते.

उतावळा कृती करतो

आता स्वभावाचा शब्द. अधीर माणूस खुर्चीत शांत बसून अधीर राहू शकतो. आतुर माणूस खिडकीशी उभा राहून आतुर राहू शकतो. उतावळ्याला ते जमत नाही. त्याला काहीतरी करून टाकायचं असतं, आणि तो ते वेळेआधी करतो. अधीरपणा मनात राहतो, उतावळेपणा हातातून बाहेर पडतो. म्हणून 'उतावळेपणा केला' हे वाक्य सहज येतं, 'अधीरपणा केला' म्हणताना जीभ अडखळते. अधीरपणा फार तर दाखवला जातो.

'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' या म्हणीत हे सगळं आलंय. बाशिंग बांधायचं कपाळाला. पण याला एवढी घाई, की हात जिथं पोचला तिथं बांधलं. म्हण लग्नाच्या ओढीला हसत नाही. नवरा आतुर असता तर कुणी काही म्हटलं नसतं. हसू आहे ते चुकलेल्या जागेला, म्हणजे घाईनं बिघडलेल्या कृतीला.

'पी हळद अन् हो गोरी' हीही याच कुटुंबातली वाटते, पण तिचा रोख वेगळा आहे. इथं कृती बरोबर आहे. अपेक्षा उतावळी आहे. उपाय केला की त्याच क्षणी गुण दिसला पाहिजे. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' यात तर वस्तू अजून घरातच आलेली नाही, तरी तिच्यावरून भांडण पेटलंय. तीन म्हणी, तीन वेगळ्या चुका: वेळेआधी करणं, वेळेआधी मागणं, वेळेआधी भांडणं. एकीच्या जागी दुसरी वापरली की टोला हुकतो.

व्याकरणाचं थोडं. उतावळा हा बदलतो: उतावळा मुलगा, उतावळी मुलगी, उतावळ्या मुलाला. उतावीळ बदलत नाही: उतावीळ मुलगा, उतावीळ मुलगी, उतावीळ मुलाला. अर्थ जवळजवळ एकच, पण उतावळा शब्दात चेष्टेचा सूर जास्त, उतावीळ थोडा मऊ आणि लिखाणातला. नामं उतावळेपणा आणि उतावीळपणा. हिंदीत उतावला, गुजरातीत उतावळ, असा हा शब्द शेजारीही नांदतो.

याच ओघात 'सहसा' या शब्दाकडे एकदा बघायला हवं, कारण त्यानं अर्थाची उडी मोठी मारली आहे. 'सहसा विदधीत न क्रियाम्' ही संस्कृत कवी भारवीच्या किरातार्जुनीय या महाकाव्यातली ओळ. अर्थ असा, की कुठलंही काम अविचारानं, एकदम करून टाकू नये. संस्कृतातलं सहसा म्हणजे एकाएकी, धडाक्यात. मराठीतलं सहसा म्हणजे बहुतेक वेळा. मराठी वाचकानं ही ओळ नुसती वाचली तर त्याला वाटेल, कवी म्हणतोय की सहसा काम करू नये. हा उपदेश ऐकायला अनेक जण तयार असतील.

घाई मला होते, घाई मी करतो

घाई हा रोजच्या बोलण्यातला खरा शब्द. पण घाईचं खरं मर्म तिच्याभोवतीच्या वाक्यरचनेत आहे. 'मला घाई आहे', 'मला घाई झाली', 'त्याला घाई लागली' यांत माणूस 'ला' प्रत्ययात बसलाय. घाई त्याच्यावर आली आहे, त्यानं बोलावलेली नाही. उलट 'मी घाई केली', 'त्यानं घाई केली' यांत माणूस कर्ता आहे, आणि कर्ता झाला की जबाबदारीही आली. म्हणून चूक कबूल करताना आपण म्हणतो 'मी जरा घाईच केली', आणि निसटायचं असेल तेव्हा म्हणतो 'मला जरा घाई होती'. एकच घाई, पण पहिल्या वाक्यात ती माझ्या खात्यावर जमा आहे आणि दुसऱ्यात परिस्थितीच्या.

हे घाईपुरतं नाही. अधीरपणाच्या बहुतेक अनुभवांत मराठी माणसाला 'ला' मध्येच बसवते. मला धीर निघत नाही. मला दम नाही. मला राहवत नाही. त्याला बसवेना. तिला चैन पडेना. यातलं राहवणे, बसवणे हे शक्यतेचं रूप आहे: राहणं मला जमत नाही, माझ्या आवाक्यात नाही. इच्छा नाही असं नव्हे, शक्ती नाही असं. 'मी राहत नाही' आणि 'मला राहवत नाही' यांत केवढं अंतर आहे! पहिलं निर्णय आहे, दुसरं हतबलता. अधीरपणा हा आपल्या हातचा नाही असं मराठीचं व्याकरणच मानतं, आणि दोष द्यायचा तो अधीर होण्याला न देता त्यापुढच्या कृतीला देतं. मला हा न्याय बरा वाटतो.

घाईच्या आसपासचे शब्द भराभर बघू. तातडी ही कामाची असते, माणसाची नव्हे: तातडीची बैठक, तातडीची मदत. त्यात दोष नाही, म्हणून कार्यालयीन भाषेला ती मानवते. लगबग ही आनंदी घाई. पावलं हलकी असतात. धांदल उडते ती कामं जास्त आणि हात कमी पडले की. तारांबळ त्याच्याही पुढची पायरी. तिचं मूळ मंगलाष्टकांतल्या 'ताराबलं चंद्रबलं' या शब्दांत आहे असं सांगतात: ते कानावर पडले की मुहूर्ताची वेळ अगदी जवळ आली आणि सगळ्यांची एकच पळापळ. गडबड हा शब्द मात्र जपून वापरावा. 'गडबडीत आहे' म्हणजे घाईत, 'वर्गात गडबड चालली आहे' म्हणजे गोंगाट, 'यात काहीतरी गडबड आहे' म्हणजे संशय. हिंदीत घाईचा अर्थ नाही, त्यामुळे 'मैं गड़बड़ में हूँ' असं म्हटलं तर समोरचा माणूस काळजीत पडेल.

आणि घाई अंगात कुठं दिसते त्यावरून जोडशब्दांची एक अख्खी रांगच आहे. चुळबूळ बाहेरून दिसते: हातपाय, खुर्ची, पेन. घालमेल आत चालते, चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. तगमग आणि तळमळ यांत वेदना आहे. हुरहूर सगळ्यात मंद, तिला बहुधा कारणही नीट सांगता येत नाही. हे शब्द एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. सभेत कंटाळलेल्या श्रोत्यांची चुळबूळ होते, त्यांची तळमळ झाली तर वैद्य बोलवावा लागेल.

अर्थशास्त्रातला अधीर माणूस

एका शास्त्रात अधीरतेला कसलाच ठपका नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1930 साली व्याजाची जी मांडणी केली तिच्यात माणसाची अधीरता ही एक मध्यवर्ती कल्पना आहे. विचार साधा आहे. हाती येणारा पैसा आज मिळावा की वर्षानं, असं विचारलं तर बहुतेक लोक आज म्हणतात. वर्षभर थांबायला तयार व्हायचं तर त्यांना वर काहीतरी जास्त हवं असतं. ते जास्तीचं म्हणजे व्याज. फिशर यांच्या मते व्याजदर दोन गोष्टींच्या मेळातून ठरतो: लोकांना आजच खर्च करण्याची किती अधीरता आहे, आणि पैसा गुंतवून तो वाढवायची संधी किती आहे.

इथं अधीर असणं हा दुर्गुण नाही, नुसतं माप आहे. कुणाचं जास्त, कुणाचं कमी. ज्याचं उत्पन्न तुटपुंजं आहे त्याला आजची गरज टाळता येत नाही, म्हणून त्याची अधीरता जास्त, हेही फिशर यांनी म्हटलं होतं. पुढच्या अभ्यासकांना दिसलं की हे माप सरळ रेषेत चालत नाही. आज आणि उद्या यांच्यात निवडायचं असेल तर माणूस आजवर तुटून पडतो. पण वर्षानं किंवा वर्ष आणि एक दिवसानं असा प्रश्न आला की एक दिवस जास्त थांबायला त्याची काहीच हरकत नसते. दोन्हीकडे अंतर एकाच दिवसाचं. मराठीत सांगायचं तर माणूस लांबच्या गोष्टींबाबत समजूतदार असतो आणि जवळच्या गोष्टींबाबत उतावळा. बचत उद्यापासून सुरू करण्याचे जे संकल्प रोज पुढे ढकलले जातात, त्यांचं गणित हेच आहे. या अर्थासाठी अधीरता हा शब्दच योग्य. उतावळेपणा म्हटलं की लगेच उपदेश सुरू होतो.

थांबवायचं असेल तर

समोरच्याला थांबवायचे शब्दही एकसारखे नाहीत. 'दम धर' मधला दम फारसीतून आलेला, मूळ अर्थ श्वास. दम धरायचा म्हणजे श्वास रोखून थांबायचं. 'दमानं घे', 'जरा दम खा' हेही त्याच श्वासाचे. पण 'दम दिला' म्हटलं की धमकी झाली. 'त्याला दम दे' आणि 'त्याला धीर दे' यांची अदलाबदल झाली तर माणूस उठून जाईल.

सबुरी ही अरबी सब्रवरून फारसीमार्गे आली आणि मराठीत पुरती रुळली. 'जरा सबुरीनं घ्या' यात आदर आहे. मोठ्या माणसालाही तसं म्हणता येतं. 'दम धर' तसं म्हणता येत नाही. संयम हा त्यातला औपचारिक. योगशास्त्रात धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर एकवटली की त्याला संयम म्हणतात. आपल्याकडे तो पत्रकांत आणि आवाहनांत 'बाळगला' जातो आणि बातम्यांत त्याचा 'बांध फुटतो'. घरात कुणी कुणाला 'संयम बाळग' म्हणत नाही. म्हटलंच तर समजावं की भांडण आता मुद्द्यावरून भाषेवर गेलं आहे.

चिकाटी आणि सहनशीलता यांनाही या रांगेत बसवतात, पण ते शेजारी आहेत, सख्खे नव्हेत. चिकाटी म्हणजे करत राहणं, सहनशीलता म्हणजे सोसत राहणं, आणि धीर म्हणजे थांबून राहणं. चिकाटीचा माणूस अतिशय अधीरही असू शकतो. शोध लावणाऱ्यांत असे बरेच असतात.

ज्याच्या धीराची परीक्षा चालली आहे त्याच्या तोंडचा शब्दप्रयोग 'अंत पाहणे'. 'माझा अंत पाहू नकोस.' इथं धीराला एक तळ आहे, आणि समोरचा तो किती खोल आहे ते बघतोय असा आरोप आहे. हे वाक्य म्हणजे शेवटची सूचना असते. याच्यापुढं त्रागा किंवा भांडण.

कधी एकदा आणि आलोच

इतके शब्द असूनही मराठी माणूस स्वतःचा अधीरपणा सांगताना यातला एकही शब्द बहुधा वापरत नाही. तो एक रचना वापरतो: 'कधी एकदा निकाल लागतोय असं झालंय.' 'कधी एकदा तुला सांगते असं झालं होतं.' यात अधीर, आतुर, घाई काहीही नाही. 'कधी' हा प्रश्न आहे, पण उत्तर मागितलेलं नाही. 'एकदा' मुळे नुसतं होऊन जाऊ दे, सुटू दे, हा भाव येतो. क्रियापद वर्तमानकाळात आहे, जणू घटना घडायला लागलीच आहे. आणि 'असं झालंय' मध्ये पुन्हा तेच: मी काही केलं नाही, मला असं झालं. भाषांतर करताना ही रचना फार जणांकडून निसटते. परक्या भाषेतला 'मी अधीरतेने वाट पाहत आहे' असा छापाचा अर्थ शब्दाला शब्द लावून उतरवला जातो. बरोबर असतो, पण असं बोलतं कोण?

अधीर माणसाला जे उत्तर मिळतं त्यात तर काळाचं व्याकरण पार उलटंपालटं होतं. कुणी 'येतोस की नाही?' म्हणून हाक मारली, की घरात अजून चप्पल शोधणारा माणूस म्हणतो, 'आलो!' भूतकाळ. त्यानंही समाधान होणार नाही असं वाटलं तर 'आलोच', आणि हाक चढ्या आवाजात आली तर 'आलो, आलो, आलो'. जेवण अर्धं शिजलेलं असताना 'झालंच', प्रवास निम्मा उरलेला असताना 'पोचलोच'. याला खोटं बोलणं म्हणता येणार नाही, कारण ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. काम होणार हे इतकं नक्की आहे, की ते झाल्यात जमा धरा, एवढाच त्या भूतकाळाचा अर्थ. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला 'आलोच' म्हणजे भविष्यकाळ, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर तो दार उघडून उभा राहील.